खिडकीठोक्याचं सोंग

बेरिल हॅलिवेलच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही अवघड नव्हतं. "पुढच्या महिन्यात मला सत्तर पूर्ण होतात. त्या शनिवारी पाच वाजता चॅपलच्या हॉलमध्ये जेवण आहे, नाच आहे. सगळ्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातले कष्टकरी बनून यायचं, आपल्या पणज्या-पणजोबांसारखं. पहिला नाच तू माझ्याबरोबर करशील का? उत्तर पोस्टाने पाठव. बेरिल."

कुठलाही शहाणा माणूस 'हो' लिहून मोकळा झाला असता. पण मी जन्मभर ब्रॅकनशॉच्या सार्वजनिक वाचनालयात, संदर्भ विभागात नोकरी केलेला माणूस. आधाराशिवाय 'हो' म्हणायची मला सवय नाही! पहिल्या मसुद्यात आभारच इतके झाले, की 'हो' लिहायला कागदावर जागा उरली नाही. दुसऱ्यात माझ्या डाव्या गुडघ्याची माहिती होती. तिसऱ्यात जोडीनं नाचायच्या पद्धतीचा उगम आणि विकास आला, तळटिपांसह. मग एकदा हिय्या करून नुसतं 'होय' लिहिलं. ते फार उद्धट वाटलं. 'हो' लिहिलं, तर ते फार अधीर वाटलं. शेवटी पत्र खणात गेलं, खणाला कुलूप लागलं आणि किल्ली मी इतकी जपून ठेवली, की ती कुठे ठेवली हे विसरलो.

पोशाखाची मात्र मला काडीची चिंता नव्हती. मला जगातल्या फार थोड्या गोष्टी येतात. गाडी चालवता येत नाही. अंडं उकडलं तर त्याचं एक तर पाणी होतं, नाही तर चेंडू. पण राणीच्या राज्यात इथला गिरणीकामगार अंगात काय घालत होता, हे मला त्या कामगारापेक्षा जास्त ठाऊक आहे! त्याला बिचाऱ्याला फक्त स्वतःचे कपडे माहीत होते. मला सगळ्या गावाचे माहीत आहेत. पोशाखात मला कुणी हरवू शकणार नाही, असं मी ठामपणे म्हणालो. अर्थात मनातल्या मनात.

माझी शेजारीण डोरीन क्रॉम्प्टन. तिची नि माझी भिंत एकच. मी शिंकलो, की पलीकडून "जप रे राजा!" असं ऐकू येतं. एके दिवशी ती तडक स्वयंपाकघरात येऊन बसली.

"काय रे क्लिफर्ड, बेरिलला उत्तर दिलंस?"

"मसुदा चालू आहे."

"मसुदा! अरे, ती नाचायचं का विचारतेय. तू काय संसदेत विधेयक मांडतोयस?"

"नेमका शब्द सापडत नाही, डोरीन."

"सबंध वाचनालय सांभाळलंस आणि तुला एक शब्द सापडत नाही! डेरेक पिलिंगचं उत्तर कधीच पोचलं. त्याला तिनं नाचाचं विचारलंसुद्धा नव्हतं, तरी पोचलं!"

डेरेक पिलिंग म्हणजे घरं विकायचा धंदा करून निवृत्त झालेला गृहस्थ. अजूनही कुणाच्या घरी गेला, की आधी छताकडे बघतो, मग यजमानाकडे.

"आणि तुला सांगून ठेवते," डोरीन बोट नाचवत म्हणाली, "ज्याच्याबरोबर पहिला नाच, त्याच्याबरोबर रविवारचं जेवण. लागोपाठ तीन रविवार जेवला, की माणूस घरातल्या सपाता तिच्याच जिन्याखाली ठेवायला लागतो. माझं क्रॉम्प्टनशी लग्न असंच झालं. मला कळलंसुद्धा नाही!"

त्या रात्री मला झोप आली नाही. पण सकाळी दात घासताना योजना सुचली. आणि ती इतकी सुंदर होती, की मी ब्रश तोंडात ठेवूनच डोरीनच्या भिंतीवर ठोकलं.

पूर्वी आमच्या गावात कामगारांच्या घरी घड्याळं नसत. गिरणीचा भोंगा तर सगळ्यांसाठी एकच, आणि उशीर झाला की फाटक बंद. म्हणून खिडकीठोके असत. पहाटे लांब काठी घेऊन गल्लीगल्लीतून हिंडायचं, माडीवरच्या झोपायच्या खोलीच्या काचेवर टकटक करायचं, आतला माणूस उठून काचेशी आला की पुढच्या घरी. माझे पणजोबा खिडकीठोके होते. बेरिलची पणजी मागावर विणकरीण होती. इतिहास मंडळाच्या बैठकीत एकदा हे निघालं, तेव्हा बेरिल सगळ्यांसमोर म्हणाली होती, "म्हणजे क्लिफर्ड, तुझ्या पणजोबांनी माझ्या पणजीला रोज उठवलं! तीनदा टकटक झाल्याशिवाय ती म्हणे डोळा उघडत नसे." सगळे हसले. माझे कान दोन दिवस लाल होते.

"तर मी खिडकीठोक्या होऊन जाणार," मी डोरीनला सांगितलं. "मेजवानीच्या आधी तिच्या घरासमोर उभा राहणार आणि माडीवरच्या खिडकीवर तीनदा टकटक करणार. ती बाहेर बघेल. तेच उत्तर! शब्दच नको!"

डोरीननं कपाळाला हात लावला. "म्हणजे एक 'हो' लिहिण्यापेक्षा मुडदूस झालेल्या जिराफासारखी काठी घेऊन गावभर फिरणं तुला सोपं वाटतं?"

"हो."

"बघ! म्हणालास की नाही 'हो'? आता हेच कागदावर लिही!"

पण तोवर मी काठीचा विचार करू लागलो होतो.

पोशाखासाठी आम्ही जुन्या कपड्यांच्या धर्मादाय दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी व्हिक्टोरिया राणीचं नाव ऐकताच पिसांची टोपी, रेशमी झगा आणि चांदीच्या मुठीची छडी काढली.

"कष्टकऱ्याचं हवंय," मी म्हणालो.

"मग पिसं कमी करून देऊ का?"

मी स्वतःच मागच्या कपाटात शिरलो. आणि काय सांगू! चौकडीचं जाड बंडीसारखं जाकीट, कोपरांवर घासलेला तपकिरी कोट, गुडघ्यात पोक आलेली कॉर्डुरॉयची विजार, चपटी टोपी. सगळं अस्सल! कोट चढवला, तर खांद्यावर असा बसला, की जणू शिंप्यानं माझं माप घेऊन शिवला होता. माझा ऊर भरून आला.

"डोरीन, बघ! दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस, आणि तंतोतंत माझा बांधा!"

डोरीननं कोटाच्या खिशात हात घालून रुमाल काढला. रुमालावर माझं आद्याक्षर होतं.

"अरे राजा, हे तुझेच कपडे. मार्चमध्ये माळा रिकामा कर म्हणालास ना? मीच पोतं भरून इथे आणून टाकलं."

दुकानातल्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मी माझेच कपडे पुन्हा विकत घेतले. ते काही झालं तरी अस्सल होते, हे मात्र कुणी नाकारू शकत नव्हतं.

घरी येऊन मी तपशिलाला लागलो. गुडघ्याखाली विजारीला सुतळी बांधली. त्या काळी बांधत. गळ्यात मफलर घेतला. आजोबांचे लाकडी तळांचे, लोखंडी नाल ठोकलेले बूट पलंगाखालून काढले. ते एका मापानं लहान होते आणि घालून चाललो, की घरात घोडा शिरल्यासारखं वाटे. राहिला सदरा. माझा सदरा पांढराशुभ्र होता. जुना दिसण्यासाठी तो चहात भिजवावा, असं मी कुठेसं वाचलं होतं. मोठ्या पातेल्यात कडक चहा केला, सदरा बुडवला आणि जन्माच्या सवयीनं त्यात दूध घातलं.

काय केलं हे कळायला मला थोडा वेळ लागला. साखर घालू की नको, असा विचार करत होतो, तेव्हा कळलं.

रंग छान आला, अगदी गिरणीच्या धुरासारखा. वासही आला, पण तो हळूहळू, जूनच्या उन्हात वाळताना. शनिवारी दुपारी मी सदरा अंगात घातला, तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातलं मांजर आपणहून येऊन माझ्या दारात बसलं होतं.

काठी डोरीननं दिली. परसातल्या दोरीवर ओले कपडे घातले, की दोरी लोंबू नये म्हणून मधे टेकू द्यायचा तिचा लांब दांडा. त्याच्या टोकाला मी मोडक्या छत्रीच्या तारा बांधल्या. खिडकीठोके तारांनीच ठोकत.

"अरे, लोकांचे डोळे फोडशील!" डोरीन म्हणाली, आणि तिनं कैलासवासी क्रॉम्प्टनची जुनी बनियन तारांना गुंडाळून सुतळीनं गच्च आवळली. "तिच्या घराशी पोचलास की काढ."

ही बनियन लक्षात ठेवा. सगळा घात तिनं केला.

बसचा ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, दांडा आडवा धरायचा नाही."

मी उभा धरला. तो छताला लागला.

"उभाही धरायचा नाही."

"मग कसा धरू?"

"हातात धरा आणि चालत जा."

मी चालत गेलो. मांजर मागे होतंच.

बेरिलच्या गल्लीत लाल विटांची घरं एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. बेरिलचं घर चौदा नंबरचं. तिथे पोचलो तेव्हा मला इतका दम लागला होता, की बारा नंबरच्या भिंतीला दांडा टेकवून मी क्षणभर उभा राहिलो. आता बनियन काढायची, काठी उचलायची, तीन टकटक. मी सुतळीच्या गाठीला हात घातला. गाठ डोरीननं मारलेली होती. ती सुटण्यासाठी नव्हतीच.

तेवढ्यात बारा नंबरचं दार उघडलं. आत एक ठेंगणी म्हातारी, हात कमरेवर. ह्या शटलवर्थबाई. जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांनी मला पाहिलं, मग दांडा पाहिला, मग दांड्याच्या टोकाचं फडकं पाहिलं.

"आलास एकदाचा! तीन आठवडे झाले! खिडक्यांतून बाहेरचं दिसेना झालंय! कुठे उलथला होतास?"

इथे कुणीही म्हणेल, "बाई, मी खिडक्या पुसणारा नव्हे." एक वाक्य! पण आमच्या माणसांचा एक रोग आहे. आमच्याकडे कुणी पायावर पाय दिला, तर ज्याचा पाय चेंगरला तो क्षमा मागतो. आम्हांला ते श्वास सोडण्यासारखंच आहे. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "सॉरी."

"सॉरी म्हणून काचा स्वच्छ होतात का? बादली कुठाय तुझी?"

"सॉरी, बादली नाही."

"बादलीशिवाय आला! थांब, मी देते. आणि तो सदरा काय रे? चहा पिताना सांडतोस की चहातच आंघोळ करतोस?"

एकदा 'सॉरी' म्हटल्यावर मागे फिरणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं. ते सभ्यपणाचं नव्हे. मी मनाशी हिशेब केला: एक खिडकी पुसायला किती वेळ लागणार? पटकन पुसू, पलीकडे सरकू, ठोकू. मी दांडा साबणाच्या पाण्यात बुडवला आणि वर नेला. पाणी दांड्यावरून घरंगळत माझ्या बाहीत शिरलं, बाहीतून काखेत आणि काखेतून खाली, जिथे गुडघ्याला सुतळी बांधली होती, तिथे येऊन साठलं. अस्सलपणाचा हा फायदा मी कुठे वाचला नव्हता.

"कोपरे राहिले!" शटलवर्थबाई खालून ओरडल्या.

"सॉरी."

एवढ्यात दहा नंबरचे टॅटरसॉल बनियनवर बाहेर आले. "ए बाबा! तिचं झालं की इकडे. मागच्या वेळी माझी माडी टाळलीस, माझं लक्ष आहे!"

"सॉरी."

"सॉरी काय, नेहमीचंच झालंय तुझं!"

सोळा नंबरवालीनं चहाचा मग आणि दोन बिस्किटं आणून दिली. हे फारच वाईट झालं. ज्यानं चहा घेतला, त्याला खिडकी टाळता येत नाही. मी सोळाही पुसलं. मग समोरच्या ओळीतून शिट्ट्या येऊ लागल्या. गल्लीत जणू माझीच जत्रा भरली होती! चॅपलच्या घड्याळात साडेचार झाले. बूट पाण्यानं फुगून आणखी एका मापानं लहान झाले. मांजर दहा नंबरच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होतं आणि टॅटरसॉल त्याला माझ्याबद्दल काहीतरी सांगत होते.

शेवटी मी धीर करून म्हणालो, "बाई, मला जरा चौदा नंबरला..."

"बेरिलकडे? अरे हो!" शटलवर्थबाईंचा चेहरा उजळला. "आज वाढदिवस आहे तिचा. तिच्याही काचा करून टाक. माझ्यातर्फे भेट! फूल-बिल काय, दोन दिवसांत सुकतं."

मला वाटलं, चला, नशीब उघडलं! मी चौदा नंबरसमोर उभा राहिलो. छातीत गिरणी चालू झाली. पणजोबांचं स्मरण केलं. दांडा उचलला. बनियनमधून आतल्या तारा पुरेशा वाजतील का, ही एकच शंका होती. माडीवरच्या खिडकीवर मी तीनदा ठोकलं.

टकटक झालं नाही. थपाक, थपाक, थपाक झालं. काचेवरून साबणाचा फेस पडद्यासारखा उतरला.

आत कुणीतरी हललं. फेसाच्या पलीकडे केसांना गुंडाळ्या लावलेलं एक डोकं दिसलं. खिडकी इंचभर उघडली.

"अहो, शनिवारी कोण काचा पुसतं? मी कपडे बदलतेय!" आणि पडदा सर्रकन ओढला गेला.

माझं उत्तर पोचलं होतं, आणि त्याची पोचही मिळाली होती.

एवढ्यात एक चकचकीत गाडी येऊन थांबली. तीतून डेरेक पिलिंग उतरला. उंच रेशमी हॅट, सोन्याची साखळी, गालांवर कल्ले. ते कल्ले बहुधा गालिच्याच्या कडेचे असावेत. कष्टकरी म्हणून हा गिरणीमालक आला होता!

"गाडीवर शिंतोडे नकोत हं, भल्या माणसा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. छताकडे बघत होता.

दार उघडून बेरिल बाहेर आली. करड्या लोकरीची शाल डोक्यावरून घेतलेली, पायांत लाकडी बूट, कमरेला विणकरणीची कात्री. अगदी अस्सल. मला पुस्तकातसुद्धा इतकी बरोबर विणकरीण सापडली नव्हती. आणि मी काय केलं? तोंड भिंतीकडे वळवलं आणि काच पुसत राहिलो. माझ्यासारख्या माणसाला लाज वाटते, तेव्हा पाय पळत नाहीत, हात काम करतात.

माझ्या मागून जाताना ती म्हणाली, "थँक्यू हं!"

मी भिंतीला म्हणालो, "सॉरी."

गाडी गेली. शटलवर्थबाईंनी वर पाहिलं.

"कोपरे राहिले."

मी कोपरे पुसले.

चॅपलच्या हॉलशी पोचलो, तेव्हा आतून बाजाचे सूर येत होते आणि माझ्या बुटांतून पाणी. घरीच जावं, असं दहादा मनात आलं. पण डोरीन दारातच पाहुण्यांची नावं टिपत बसली होती. काळा झगा, डोक्यावर चंदेरी कागदाचा मुकुट.

"तू राणी?" मी विचारलं. "कष्टकरी यायचं होतं ना?"

"कष्ट मी वर्षभर करते. क्लिफर्ड, सहा वाजून गेले! आणि हे काय, नदीतून आलास? ठोकलंस का?"

"ठोकलं."

"मग?"

"तिनं पडदा ओढला."

डोरीननं मुकुट काढून मांडीवर ठेवला आणि हळूच सांगितलं, "पहिला नाच झाला रे. डेरेक."

मी आत पाहिलं. सगळं ब्रॅकनशॉ सरदार-उमराव होऊन आलं होतं! पिसं, पंखे, साखळ्या, एकाच्या डोळ्यावर काच. ज्यांच्या सात पिढ्या मागावर उभ्या राहून वाकल्या, त्यांच्यात आज एकही विणकर नव्हता. अपवाद एकट्या बेरिलचा. ती कोपऱ्यात बसून शालीवरचे केस वेचत होती. नाचताना घाम आला आणि डेरेकचा एक कल्ला तिच्या खांद्यावर उतरला होता. डेरेक उरलेला एक कल्ला घेऊन माझ्याकडे आला आणि मला आपादमस्तक न्याहाळून मोठ्यानं म्हणाला,

"अरे क्लिफर्ड! तुला कुणी सांगितलं नाही का? पोशाख करून यायचं होतं!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोट, जाकीट, चपटी टोपी, गळ्यात मफलर. त्यांच्या नजरेतून मला प्रथमच दिसलं. मी रोज असाच असतो. गेली चाळीस वर्षं मी ब्रॅकनशॉमध्ये व्हिक्टोरिया राणीचा कष्टकरी म्हणून हिंडतोय आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही. फरक एवढाच, की आज ओला होतो आणि दुधाचा वास येत होता.

"गुडघ्याला सुतळी आहे," मी क्षीण आवाजात म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

उत्तम कष्टकऱ्याचं बक्षीस डेरेकला मिळालं. पंच म्हणाले, कल्ला सांभाळायला त्यांनी फार कष्ट घेतले.

मी दांडा घेऊन मागच्या दारानं सटकणार, तोच बेरिल समोर उभी राहिली. ती सारा जन्म गावच्या पोस्टात काउंटरमागे होती. चष्म्यावरून बघायची तिची पद्धत अशी, की पाकिटाला वाटावं आपलं वजन जास्त आहे.

"तुझं उत्तर आलं नाही, क्लिफर्ड."

"मी दिलं होतं. म्हणजे देत होतो. आज. खिडकीवर. पणजोबांसारखं. तीनदा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या दांड्याकडे. मग दांड्यावरच्या बनियनकडे, जी अजून ठिबकत होती.

"तो तू होतास?"

"सॉरी."

"मी तुला थँक्यू म्हटलं!"

"ऐकलं मी."

"आणि तू मला..."

"सॉरी म्हणालो."

"अरे, पण का? तू पुसत का होतास?"

"शटलवर्थबाईंकडून वाढदिवसाची भेट होती."

बेरिल आधी गालात हसली. मग शालीत तोंड खुपसून हसली. मग खुर्चीला धरून हसली. मला वाटलं, आता झालं ते पुरे, घरी जावं. पण तिनं डोळे पुसले आणि कमरेच्या कात्रीमागच्या पिशवीत हात घातला.

"हे बघ. पहिला नाच हुकला, तरी माझा प्रश्न उभाच आहे. आणि काठीनं दिलेलं उत्तर मला चालत नाही. जे पोस्टानं आलं नाही, ते आलंच नाही. जन्मभर मी लोकांना हेच सांगत आलेय." तिनं एक कोरा कागद, एक पाकीट आणि तिकिटांची घडी काढली. असल्या वस्तू घेऊन वाढदिवसाला कोण येतं, असं मला वाटलं. पण माझ्याकडे तरी दांडा होताच. "पेटी समोर कोपऱ्यावर आहे. तिकीट कुठलं देऊ? दुसऱ्या वर्गाचं देते. तुला काही घाई दिसत नाही."

आता हे समजून घ्या. आमच्याकडे दुसऱ्या वर्गाचं पत्र रमतगमत जातं, पहिल्या वर्गाचं धावत. माझ्या घरातून पहिल्या वर्गाचं तिकीट कधीही बाहेर पडलेलं नाही. मोठा भाऊ वारला, ते कळवायलासुद्धा नाही. त्यालाही घाई आवडत नसे.

"पहिल्या वर्गाचं," मी म्हणालो.

बेरिलच्या भुवया वर गेल्या. तिनं तिकीट फाडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि आत गेली.

मी हॉलच्या पायरीवर बसलो. कागद गुडघ्यावर धरला. डावा ओला होता, म्हणून उजवा घेतला. 'होय' की 'हो', हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. एक तळटीप सुचत होती. पण कागद भिजायला लागला आणि कधी नव्हे ती मला घाई झाली. एकच अक्षर लिहिलं. फार अधीर दिसत होतं. तसंच पाकिटात घातलं, तिकीट चिकटवलं आणि नाल वाजवत लाल पेटीशी गेलो. पेटीवर लिहिलं होतं, आजची डाक दुपारीच गेली. म्हणजे हे सोमवारी निघणार आणि मंगळवारी पोचणार! हात क्षणभर अडखळला. मग सोडलं. आत पडल्याचा आवाज आला. एवढासाच आवाज होता तो, मी इतके आठवडे ज्याला भीत होतो.

आता तिला कळवायला हवं, की टाकलं. हॉलच्या खिडक्या उंच, आत बाजाचा गोंगाट. पण माझ्याकडे दांडा होता! मी तो उचलला आणि काचेवर ठोकलं. थपाक, थपाक, थपाक.

आत बाकावर लाकडी बूट चढल्याचा आवाज झाला. खिडकी उघडली. बेरिलनं बाहेर डोकं काढलं, पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग काचेवरून ओघळणारं पाणी अगदी नीट, चष्म्यावरून तपासलं.

"कोपरे राहिले, क्लिफर्ड!"